हातापायांनाही रास्त भाव हवा!



भाताला काय भाव मिळाला हे आम्ही खरेदी केंद्राच्या दारात उभे राहून विचारतो. उत्पादन खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरली की नाही, यावर रस्त्यावर येऊन भांडतो. कारखान्यासाठी, धरणासाठी, हमरस्त्यासाठी जमीन गेली तर गुंठ्याचा दर काय लावला, हे कागद मागून तपासतो. पण ती जमीन कसणारा हात मोटारसायकलवरून पडून डंपरच्या चाकाखाली सापडला, तर त्या हाताचा दर काय, हे विचारायला आमच्यातला एकही जण जात नाही. नशीब म्हणतो, देवाची मर्जी म्हणतो आणि दवाखान्याचे बिल भरण्यासाठी म्हैस विकतो.

गागोदे बुद्रुक हे विनोबांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी ते येथे जन्मले. श्रमाची प्रतिष्ठा त्यांनी देशाला पायी हिंडून सांगितली. त्याच गावात आणि आसपासच्या वाड्यांत श्रम करणाऱ्या माणसाच्या अंगाचे मोल कोर्टात शून्य धरले जाते आणि ते आम्ही मुकाट्याने सोसतो. या लेखात आम्हाला याच विषयावर बोलायचे आहे.

मोटारसायकल ही चैन नव्हे

कोणी म्हणेल, शेतकऱ्यांच्या पोरांना मोटारसायकली कशाला हव्यात? आम्ही सांगतो कशाला. कापणी-झोडणी आटोपली की भातशेतीत काम उरत नाही. मग कोणी पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जातो, कोणी कंपनीत कंत्राटी पाळीला, कोणी वीटभट्टीवर. एस.टी. वेळेवर नाही, रात्रपाळी सुटते तेव्हा तर मुळीच नाही. मोटारसायकल हे आमचे अवजार आहे, जसा नांगर आहे तसे. आणि हे अवजार घेऊन आम्हाला उतरावे लागते ते अवजड वाहनांनी भरलेल्या रस्त्यावर. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले. त्यावर बारा वर्षे उलटली तरी ते काम पुरे झाले नव्हते. अर्धवट पूल, अचानक फुटणारे वळणरस्ते, पावसात दिसेनासे होणारे खड्डे. चारचाकीला त्या खड्ड्याचा धक्का बसतो. दुचाकीवाल्याचा जीव जातो.

ही भीक नाही, कायद्याचे देणे आहे

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू आहे. रस्त्यावर फिरणाऱ्या प्रत्येक वाहनाचा तिऱ्हाइताच्या नुकसानीबद्दलचा विमा काढलाच पाहिजे, असे हा कायदा म्हणतो. म्हणजे ज्या ट्रकने आमच्या माणसाला उडवले, त्या ट्रकमालकाने आमच्या नुकसानीसाठी अगोदरच हप्ता भरून ठेवलेला आहे. तो पैसा विमा कंपनीकडे पडून आहे. तो मागण्याची जागा म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. दावा अपघात झाला त्या भागातल्या न्यायाधिकरणापुढे लावता येतो, तसाच आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणापुढेही लावता येतो. मुंबईत अपघात झाला म्हणून मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत.

तरी आमची माणसे जात नाहीत. का जात नाहीत? कोर्ट म्हणजे पिढ्यान्पिढ्यांचा जमिनीचा तंटा, हे आमच्या डोक्यात बसले आहे. या गैरसमजाचा फायदा कोण घेतो, ते ओळखा. ट्रकमालकाचा माणूस दवाखान्यात येतो, पाच-दहा हजार हातावर ठेवतो आणि कागदावर अंगठा घेऊन जातो.

जमीन राहिली म्हणजे सगळे राहिले काय?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. नोकरदाराचा अपघात झाला तर हिशेब सोपा असतो. पगारपत्रक दाखवले की काम झाले. शेतकऱ्याला पगारपत्रक नाही. विमा कंपनीचा वकील उठतो आणि म्हणतो, "महाराज, शेतकरी गेला, पण जमीन तर वारसांकडे आहेच. मग उत्पन्न बुडाले कुठे?" हा युक्तिवाद त्याने हवेतून आणलेला नाही. २००३ साली हरियाणा राज्य विरुद्ध जसबीर कौर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले की, मृताची जमीन वारसांकडेच राहते, शेतीची देखरेख करण्यासाठी त्यांना फार तर माणसे लावावी लागतील, म्हणून उत्पन्न बुडाल्याचा नेहमीचा नियम शेतीच्या उत्पन्नाला जसाच्या तसा लागू होत नाही.

न्यायालयाचा मान राखून आम्ही विचारतो, राब भाजणे, चिखलणी, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी हे सारे म्हणजे "देखरेख" काय? दोन एकर खाचरे असलेला आमचा शेतकरी बांधावर छत्री घेऊन उभा राहणारा जमीनदार नव्हे. त्याच्या शेतातला मजूर तोच, गडी तोच, मुकादमही तोच. जमीन एकटी भात देत असती तर पडीक खाचरांतही दाणे दिसले असते.

आणि दिल्लीचेच दुसरे खाते काय म्हणते, तेही पाहा. भाताचा हमीभाव काढताना कृषिमूल्य आयोग खर्चाची तीन खाती मांडतो. रोखीने केलेला खर्च हे ए-२. त्यात घरच्या माणसांच्या मजुरीचे मोल मिळवले की ए-२ अधिक एफ.एल. त्यापुढे स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज धरले की सी-२. म्हणजे जमिनीचा वाटा वेगळा आणि श्रमाचा वाटा वेगळा, हे सरकारच्याच हिशेबात लिहिलेले आहे. भाव ठरवताना घरची मजुरी खरी आणि माणूस मेल्यावर ती खोटी, असे कसे चालेल? जमिनीचा खंड वारसांना राहिला, हे आम्हाला मान्य. त्या जमिनीत ओतले जाणारे श्रम मात्र गेले. त्या श्रमांची किंमत आम्हाला मिळालीच पाहिजे.

या निकालातच आमच्या हाती दोरी आहे, हे विसरू नका. "माणसे लावावी लागतील" हे न्यायालयाने मान्य केले आहे ना? मग लावलेल्या माणसांची मजुरी किती, नांगरणीचे भाडे किती, वर्षाचे दिवस किती, याचा हिशेब पुराव्यासह मांडा. शेतीबाहेरची कमाई वेगळी मांडा. आणि काहीच कागद नसेल तर? २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने चंद्रा विरुद्ध मुकेशकुमार यादव या खटल्यात सांगितले की, कागद नाहीत म्हणून कमाई अगदी तळाची धरू नये. किमान वेतनाची अधिसूचना हे एक माप आहे, पण तेच अखेरचे माप नव्हे.

एक हजाराचे दोन लाख होतात

या वादात किती पैसा अडकला आहे, हे आकड्यांनी पाहू. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या दोन निकालांनी हिशेबाची रीत बांधून दिली आहे. समजा ३५ वर्षांचा शेतकरी गेला. मागे आई, बायको आणि दोन मुले. न्यायाधिकरणाने त्याची कमाई महिना १२,००० रुपये धरली. वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे. झाले १६,८००. अवलंबून असणारे चौघे, म्हणून मृताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. उरले १२,६००. वर्षाचे १,५१,२००. या वयाला गुणक १६. भरपाई झाली २४,१९,२०० रुपये. अंत्यविधी, सहवासाचा तोटा वगैरे रकमा यावर वेगळ्या.

आता कमाई १२,००० ऐवजी ६,००० धरली तर? भरपाई निम्मी. महिन्याच्या प्रत्येक हजार रुपयांमागे या कुटुंबाला २,०१,६०० रुपयांचा फरक पडतो. कोर्टात एक पावती सादर झाली नाही म्हणून हजार रुपये कमी धरले गेले, तर दोन लाख पाण्यात गेले. म्हणून आम्ही म्हणतो, भात खरेदी केंद्राची पावती, दूध डेअरीचे पासबुक, सोसायटीचे कर्जखाते, सात-बारा, मुकादमाच्या वहीतली नोंद यातला एकही कागद चुलीत घालू नका.

गुडघा कारकुनाचा आणि गुडघा शेतकऱ्याचा

माणूस वाचला पण अधू झाला, तर आणखी मोठी फसवणूक होते. डॉक्टर दाखला देतो, पायाचे अपंगत्व ४० टक्के. विमा कंपनी म्हणते, पूर्ण शरीराचे धरले तर २० टक्के, तेवढेच द्या. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे की, शरीराच्या टक्क्यांवर थांबू नका, त्या माणसाच्या धंद्यात कमाईची ताकद किती गेली ते पाहा. न वाकणारा गुडघा घेऊन कारकून खुर्चीवर बसू शकतो. तो गुडघा घेऊन चिखलात उभे राहून लावणी कशी करायची? वरच्याच ३५ वर्षांच्या माणसाचा हिशेब केला तर २० टक्क्यांनी ६,४५,१२० रुपये होतात आणि ५० टक्क्यांनी १६,१२,८००. हा जवळजवळ दहा लाखांचा फरक डॉक्टरला आणि साक्षीदाराला योग्य प्रश्न विचारले की नाही, यावर ठरतो. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या मुलीच्या बोटाला कंप सुटला, तर दाखल्यावर टक्के अगदी थोडे दिसतील, पण तिचा धंदा पुरा बुडालेला असेल. हे वकिलाने मांडायला हवे आणि वकिलाला ते आपण सांगायला हवे.

मायबहिणींबद्दल तर विचारायलाच नको. "घरीच असते" एवढे लिहून मोकळे होतात. लता वाधवा (२००१) पासून कीर्ती (२०२१) पर्यंतच्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने घरकामाला मोल असल्याचे सांगितले आहे. आमच्या बाया तर घरकाम करून लावणीही करतात. दोन्ही कामांचे मोल मागा.

१९९४ ला दिले, २०१९ ला काढून घेतले

मूळ कायद्यात दावा लावायला सहा महिन्यांची मुदत होती. खेड्यातली माणसे मुदतीत पोहोचत नाहीत, म्हणून १९९४ च्या दुरुस्तीने मुदतच काढून टाकली. पंचवीस वर्षे मुदत नव्हती, आभाळ कोसळले नाही. मग २०१९ च्या दुरुस्तीने तीच सहा महिन्यांची मुदत परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. जूनमध्ये पाय मोडलेल्या शेतकऱ्याचे सहा महिने कसे जातात? दोन महिने खाटेवर, मग लावणीची उसनवारी, मग कापणी. घरातले माणूस कोर्टाचे तोंड बघायला मोकळे होते तेव्हा डिसेंबर उजाडलेला असतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतरिम आदेश झाला की, केवळ मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नयेत. पण अंतरिम आदेशावर कोणी झोपू नये. सहा महिन्यांच्या आत दावा लावलाच पाहिजे. व्याजही साधारणपणे दावा दाखल केल्या तारखेपासूनच धरतात.

दुसरा सापळा याहून गोड आहे. नव्या कलम १६४ प्रमाणे चूक कोणाची हे न पाहता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. ज्याची बाजू पुराव्यात कच्ची आहे, त्याला हा मोठा आधार आहे, हे आम्ही मान्य करतो. पण ही रक्कम तडजोडीत स्वीकारली की मोठा दावा संपतो, असे कायद्यातच लिहिले आहे. चोवीस लाखांचा हक्क पाच लाखांत सुटतो. घरात दिवसकार्य चालू असताना समोर पाच लाखांचा कागद आला की सही होऊन जाते. हिशेब केल्याशिवाय सही करू नका.

मेलेल्यावरच गुन्हा

ट्रक-मोटारसायकल अपघातात फिर्याद कोणाच्या तोंडून लिहिली जाते? जो जिवंत आणि शुद्धीवर आहे त्याच्या. तो बहुधा ट्रकवाला असतो. म्हणून पंचनाम्याच्या वेळी गावची माणसे जागेवर हवीत. रस्त्याची रुंदी, टायरचे घासलेले डाग, खड्डा, नसलेला फलक हे सगळे पंचनाम्यात यायला हवे आणि त्याचे फोटोही काढून ठेवायला हवेत. "तिघे बसले होते, म्हणजे चूक तुमचीच" असे कोणी म्हणाले तर मोहम्मद सिद्दिकी (२०२०) हा निकाल दाखवा. तिघे बसणे हा नियमभंग आहे, पण त्यामुळे अपघात घडला हे दाखवल्याशिवाय भरपाई कापता येत नाही.

२०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आहे. तो अहवाल हाच दाव्याचा अर्ज समजावा, असे कायदा म्हणतो. हे काम मनावर घेतले गेले तर निम्म्या खेपा वाचतील. म्हणून ठाण्यात लेखी अर्ज देऊन अहवालाची प्रत मागा आणि अर्जावर पोच घ्या.

खड्ड्याचे काय? कलम १९८-अ प्रमाणे निकृष्ट कामामुळे मृत्यू वा अपंगत्व आले तर ठेकेदाराला किंवा अधिकाऱ्याला एक लाखापर्यंत दंड होतो. तो दंड सरकारी निधीत जमा होतो, खड्ड्यात पडलेल्याच्या घरी येत नाही! ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मात्र खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि दुखापतीला ५० हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. हा आदेश शहरवाल्यांपुरता वर्तमानपत्रात राहू नये. रायगडातल्या खड्ड्यात पडलेल्यानेही अर्ज टाकलाच पाहिजे.

आपल्या घरातला कचरा

सरकारला आणि कंपन्यांना जाब विचारणाऱ्यांनी आपले घरही झाडून घ्यावे. आमच्या किती मोटारसायकलींचा विमा चालू आहे? विमा नसलेल्या गाडीने दुसऱ्या कोणाला उडवले तर भरपाई मालकाच्या अंगावर येते आणि न्यायाधिकरणाच्या दाखल्यावरून ती जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात. सात-बारावर बोजा कसा चढतो, हे आम्ही शेतकऱ्यांना शिकवायची गरज नाही. विनापरवाना भाच्याला गाडी दिली, तर विमा कंपनी जखमीला पैसे देईल आणि मग मालकाकडून वसूल करील. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी विकली आणि नाव बदलले नाही, तर पुढच्या अपघाताची जबाबदारीही नोंदणीत नाव असणाऱ्याचीच.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. फक्त तिऱ्हाइताचा विमा असेल, तर आपल्याच गाडीवर मागे बसलेल्याला त्यातून संरक्षण मिळत नाही. मागे बहुधा आपली बायको नाहीतर आई बसलेली असते. तिच्यासाठी जादा हप्ता भरा. मालक-चालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, पण परवाना नसेल तर ते कागदावरच राहते. आणि हेल्मेट घाला. डोके फुटल्यावर मिळालेली भरपाई मोजायला डोके लागते.

मागण्या आणि कामाला लागणे

जिल्हा मेळाव्यापुढे आम्ही पुढील मागण्या ठेवतो.

१. शेतकऱ्याच्या अपघात दाव्यात त्याच्या स्वतःच्या श्रमांचे मोल जमिनीपासून वेगळे धरावे. हमीभावाच्या हिशेबात घरच्या मजुरीला जी मान्यता आहे, तीच येथे मिळावी.

२. सहा महिन्यांची मुदत कायद्यातून काढून टाकावी. १९९४ ची स्थिती परत आणावी.

३. कलम १९८-अ खालचा दंड अपघातग्रस्ताला मिळावा आणि एक लाखाची मर्यादा उठवावी.

४. प्रत्येक पोलीस ठाण्यात अपघातग्रस्तांच्या हक्कांचे पत्रक मराठीत लावावे आणि जखमीच्या घरी पोचवावे.

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. प्रत्येक गावात दोन माणसे नेमा. अपघाताच्या दिवशीच त्यांनी कामाला लागावे. मे २०२५ च्या योजनेप्रमाणे नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार बिनपैशाने मिळतात, ते मागावेत. फिर्याद, पंचनामा, गाडीचा विमा, दवाखान्याची प्रत्येक पावती आणि अपंगत्वाचा दाखला एका पिशवीत जमवावा. वाहन पळून गेले असेल तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजारांचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे द्यावा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचे २ लाख तालुका कृषी कार्यालयातून वेगळे मागावेत. आदिवासी वाड्यांतल्या भावांना, अनुसूचित जातीच्या माणसांना आणि सर्व स्त्रियांना अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. त्यांची उत्पन्नाची अट पाहिली जात नाही. आणि भरपाईत टक्केवारी मागणाऱ्या वकिलाला सांगावे की, निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलांच्या नियमांतच मनाई आहे.

मोडलेला पाय कोर्ट जोडून देणार नाही, गेलेला माणूस परत आणणार नाही. पण मागे राहिलेल्या मुलांचे शिक्षण आणि विधवेची दोन एकर खाचरे या पैशावर वाचू शकतात. तो पैसा कोणाच्या मेहेरबानीचा नाही. भाताचा रास्त भाव मागायला आम्ही शिकलो. आता भात पिकवणाऱ्या हातांचा भाव मागायला शिकू.